रंग उतरवलेला नरसिंह

मुखवटा उचलायचा तो हनुवटीखाली दोन्ही तळवे देऊन. कानांना धरायचं नाही, आयाळीला तर नाहीच. दुरुस्ती करणाऱ्या ताईंनी हे मला इतक्या वेळा सांगितलं होतं की रिक्षात बसल्यावरसुद्धा माझे तळवे आपोआप उताणे व्हायचे. मुखवटा नरसिंहाचा होता, कागदाच्या लगद्याचा, चांगला परातीएवढा. जबडा उघडा, जीभ बाहेर, डोळे वटारलेले. बघणाऱ्याला भीती वाटावी असाच तो घडवला होता. मला मात्र भीती वाटायची ती तो मोडण्याची.

मी तेव्हा शहरातल्या एका लहानशा संग्रहालयात नुकतीच कामाला लागले होते. काही विश्वस्त, एक संचालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, आणि बाकी वस्तू. हिमरू कापडाचे तुकडे, बिदरी हुक्के, पोथ्या, दौती, तलवारी. काम मला आवडायचं, कारण वस्तूंशी बोलावं लागत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घर मराठी, आणि दोन्हीकडे मी गप्पच. चार लोकांत तोंड उघडायचं म्हटलं की वाक्य मनात जुळवता जुळवता विषय पुढे गेलेला असायचा.

देणगी देणारी माणसं आमच्याकडे बरीच यायची. पण माणसाला दिसेल असं काहीतरी द्यायचं असतं. त्यामुळे आमच्या पंख्यांच्या पात्यांवर नावं होती, बाकांच्या पाठींवर नावं होती, पाण्याच्या कूलरवर दोघा भावांची नावं होती, आणि कूलर बंद पडला तरी नावं शाबूत होती. पोथ्यांना बुरशी धरते, कापडाला कसर लागते, त्यासाठी द्या म्हटलं की लोक चहा संपवून उठायचे. सर म्हणायचे, “वाळवीचं औषध कोणाच्या स्मरणार्थ द्यायचं, सांग बरं?”

अशात आक्का आल्या. शहरातल्या गुलमंडी बाजारात खण, परकराचं कापड आणि अस्तरं विकणारं त्यांचं दुकान. अख्खी गुलमंडी त्यांना आक्का म्हणते, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. साठी ओलांडलेली, बारीक चणीची, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून रंग ओळखणारी बाई. त्यांच्या मागून एका टेम्पोवाल्याने कांद्याच्या टोपलीत घालून हा मुखवटा आणला. वर गोणपाट झाकलेलं. गोणपाट काढलं तेव्हा एक कान उंदरांनी खाल्लेला होता आणि तोंडावर लालभडक ऑइल पेंटचे थर होते, इतके जाड की भुवया बुजून गेल्या होत्या.

आक्कांचं माहेर सोयगाव तालुक्यातलं. तिथे नरसिंह जयंतीला संध्याकाळी देवळासमोर कागदाचा खांब उभा करतात. तो फाडून मुखवटा चढवलेला माणूस बाहेर येतो आणि संबळाच्या तालावर नाचतो. त्याच्या कमरेचा शेला दोघांनी मागून घट्ट धरलेला असतो, कारण मुखवटा चढला की अंगात येतं. याला तिकडे सोंग म्हणतात. सोंग घ्यायचा मान आक्कांच्या वडिलांचा, आबांचा होता. मग तो त्यांच्या भावाकडे आला, आता भावाच्या मुलाकडे. मुलाने फायबरचा हलका, चकचकीत मुखवटा करून आणला आणि जुना माळ्यावर गेला.

“गोदामात ठिवलेला माल आन् माळ्यावर ठिवलेला देव, दोघांची येकच गत,” आक्का म्हणाल्या.

सरांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, की वस्तू अनमोल आहे, पण दुरुस्तीला बाहेरून तज्ज्ञ बोलवावे लागतील, काचेची पेटी करावी लागेल, आणि संस्थेची परिस्थिती...

“पैशाचं मी बघते,” आक्कांनी त्यांना मध्येच तोडलं. “तुमी उंदराचं बघा.”

“पेटीवर नाव कोणाचं घालायचं?”

“गावाचं घाला. माझं नाव दुकानावर हाय.”

त्यांची अट एकच होती. वर्षातून एकदा, नरसिंह जयंतीला, मुखवटा गावी न्यायचा. “लेक येती ना माहेरी, तसं. पारावर ठिवा, लोकं दर्शन घेतील, सांजच्याला परत. कुणी चढवायचा नाय, कुणी नाचवायचा नाय. मी हाय ना.” भावाने त्याच बोलीवर तो दिला होता. सर हो म्हणाले. देणारं माणूस समोर असलं की सर सगळ्यालाच हो म्हणत. तो दिवस तेव्हा लांब होता.

ताई आल्या आणि मागच्या खोलीत काम सुरू झालं. मी त्यांच्या हाताखाली. चिंचोक्याच्या खळीचा वास, कापसाचे बोळे, बारीक ब्रश. आक्का दुपारी दुकान नोकरांवर सोडून यायच्या आणि स्टुलावर बसून बघायच्या. कधी म्हणायच्या, “हळू गं बाई, त्याला दुखंल.” त्यांनी पैसे दिले नसते तर ही खोलीसुद्धा उघडली नसती, तिथे आम्ही मोडक्या खुर्च्या ठेवत होतो. आता तिथे दिवा आला, टेबल आलं, आणि मुखवट्यानंतर पोथ्यांचीही पाळी लागणार होती. हे सगळं एका अस्तराच्या दुकानातून येतंय याचं मला दडपण यायचं. एक कान नीट चिकटला नाही तर हे सगळंच मोडेल असं वाटायचं.

मुखवट्याच्या आत, तोंडाच्या जागी, एक आडवी लाकडी खुंटी होती. चढवणाऱ्याने ती दातांत धरायची, म्हणजे नाचताना मुखवटा हलत नाही. खुंटी बाभळीची, आणि दातांनी खाऊन खाऊन तिला खोबणी पडलेल्या. ताईंनी आतल्या बाजूला हात लावला नाही. फक्त खुंटीच्या एका टोकाशी लगदा भुगा झाला होता, तिथे खळीने सांधलं. “ही दिसायला ठीक आहे,” त्या म्हणाल्या, “पण हिच्यावर भार येऊ देऊ नकोस. कधीच.”

बाहेरच्या बाजूला प्रश्न आला तो रंगाचा. ताईंनी गालावरचा नखाएवढाच लाल सोलून खिडकी करून बघितली. लाल थरांच्या खाली हळदीसारखा पिवळा रंग होता, त्यावर मिशांच्या केसासारख्या बारीक काळ्या रेघा. कोणीतरी फार मन लावून काढलेल्या. ताईंनी दिवा आणखी जवळ ओढला.  लाल काढायचा की ठेवायचा, हे देणाऱ्याला विचारायला हवं, असं सर म्हणाले. म्हणून आक्कांना विचारलं.

आक्का वाकून त्या खिडकीकडे खूप वेळ बघत राहिल्या. “आबांच्या वक्ताला असाच व्हता,” त्या म्हणाल्या. “मी परकर नेसत व्हते तवा बघितलाय. काढा त्यो लाल.”

आम्ही काढला. महिने गेले त्यात. जे आलं ते इतकं सुंदर होतं की सर काचेसमोर उभे राहून कोणालातरी फोन करून सांगत होते. शाळांच्या सहली येऊ लागल्या, मुलं नरसिंहासमोर जिभा काढून उभी राहायची. एकदा फुलंब्रीकडच्या एका शाळेच्या बाई मला म्हणाल्या, “पुस्तकातलं चित्र दाखवून यांना कधी कळलं नसतं.” मला बरं वाटलं. आणि त्याच रात्री अंथरुणात लक्षात आलं की आपण गावाला विचारलेलंच नाही. पैसे ज्यांनी दिले त्यांना विचारलं. ज्यांच्या डोळ्यांसमोर तो नाचला, त्यांना नाही.

मी सरांना तसं म्हणाले. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, “अगं, जुनं रूप आलंय. खूशच होतील.”

नरसिंह जयंती वैशाखात येते, उन्हाच्या ऐन कडाक्यात. नेमकी तेव्हा सरांची कंबर धरली आणि त्यांनी मला जायला सांगितलं. लाकडी पेटी, आत फोम, फोमला मुखवट्याच्या आकाराचा खड्डा. अजिंठ्याला पर्यटक नेणारी एक जीप भाड्याने केली होती. तिचे चालक एक वयस्क चाचा. आक्का पुढे बसल्या, मी मागे पेटीजवळ. पेटीला मी सीटचा पट्टा लावला तेव्हा चाचा आरशातून बघत होते.

“मॅडम, अंदर क्या है? काच का सामान?”

“मुखवटा आहे. कागदाचा.”

“फिर टेन्शन नक्को लेओ. इस रोड पे मैं अंडे ले के गया हूँ.”

“किती फुटली?” आक्कांनी विचारलं.

“वो नहीं पूछने का, आक्का.”

जळगाव रोड तेव्हा उकरून ठेवला होता. अर्धा सिमेंटचा, अर्धा मातीचा, मध्येच खडीचे ढीग. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं, प्रत्येक खड्ड्याला माझा हात पेटीवर आपटत होता. पेटी उघडून बघावी असं सारखं वाटायचं आणि उघडली तर धूळ जाईल म्हणून उघडवत नव्हती. अजिंठ्याचा घाट उतरताना मी आक्कांना विचारलं, “रंग बदललाय हे घरी सांगितलंय ना तुम्ही?”

आक्का समोर बघत राहिल्या. “बघतील ना आता,” त्या म्हणाल्या. जरा वेळाने पुन्हा म्हणाल्या, “आबांचा हाय. वळखतील.” ते त्या मला सांगत नव्हत्या.

गावात पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. देवळासमोर बांबूच्या कामट्यांवर कागद डकवून खांब उभा केला होता. संबळवाले चहा पीत होते. आक्कांचा भाचा पुढे आला, तिशीचा, वाळूजला कंपनीत असणारा, जयंतीपुरता रजा टाकून आलेला. “आत्या, आल्या का? या म्याडम, बसा.” पारावर सतरंजी टाकली होती, वर पाट. पाटापलीकडे आक्कांचे भाऊ बसले होते. त्यांना सगळे दादा म्हणत होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पांढरी टोपी, तोंडात हळूहळू काहीतरी घोळवत असलेले.

मी हातमोजे घातले. मागून कोणीतरी म्हणालं, “डॉक्टरीण हाय व्हय?” हसले सगळे. मी हनुवटीखाली तळवे दिले, मुखवटा उचलला आणि पाटावर ठेवला.

हसणं थांबलं ते एकदम नाही. आधी पुढच्यांचं, मग मागच्यांचं. बायका लांब ओट्यावर होत्या, त्याही पदर सावरून पुढे झुकल्या.

“हे कोण?” एकाने विचारलं.

“आपला लाल व्हता,” दुसरा म्हणाला. “ह्यो तर पिवळा हाय.”

भाचा वाकला, गोल फिरून बघितला, उभा राहिला. “आत्या, हा आपला नाय.”

“आपलाच हाय रे. रंग काढलाय वरचा. आबांच्या येळचा निघालाय.”

“काढला म्हंजी? कुणाला इचारून काढला?”

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सगळं इंग्रजीत होतं, ताईंनी शिकवलेल्या शब्दांत. मी फोन काढला आणि दुरुस्तीचे फोटो दाखवायला लागले. लाल मुखवटा, मग गालावरची खिडकी, मग अर्धा लाल अर्धा पिवळा. फोन हातोहात फिरला. माझा फोन, त्यात माझे घरचे फोटो. एक जण अंगठ्याने पुढे सरकवत कुठल्या कुठे गेला.

“फोटोत काय, फोटोत काय बी करता येतंय,” तो म्हणाला. “माझ्या पोरानं मला ताजमहालापुढं हुबं केलंय.”

पुन्हा हसले. या हसण्यात पहिल्यासारखं काही नव्हतं. मग मागच्या रांगेतून एक आवाज आला, कोणाचा ते दिसलं नाही. “गुलमंडीत काय, काय बी इकलं जातंय. जुन्याला भाव लई हाय म्हनत्यात.”

आक्का पारावरून उठल्या नाहीत. त्यांनी बोलणाऱ्याला शोधलंही नाही. फक्त डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, आणि ज्या बाईने सरांना कधी वाक्य पुरं करू दिलं नव्हतं ती गप्प बसून राहिली. मला तेव्हा कळलं की तिने पैसा कशात घातला होता. संग्रहालयाने तिला पावती दिली होती, आभार मानले होते. पण गावात तिची आजपासून एकच ओळख राहणार होती: बापाचा देव विकून दुसरा आणून बसवणारी. जन्मभराचं माहेर या पाटावर होतं, आणि ते तिथे मी उचलून ठेवलं होतं.

“मला द्या,” दादा म्हणाले.

“दादा, तुमाला दिसतंय कुठं?” भाचा म्हणाला.

“दिसाया कशाला पायजे? हितं द्या. चढवून सांगतो.”

सगळे माझ्याकडे वळले. पेटी माझी, हातमोजे माझे. मी “नाही” म्हणाले. ते इतकं हळू आलं की भाच्याला मोठ्याने सांगावं लागलं, “म्याडम नाय म्हनत्यात!”

“घ्या,” मागचा आवाज म्हणाला, “देवाला मालकीण भेटली.”

ताईंचं वाक्य माझ्या कानात होतं. खुंटीवर भार येऊ देऊ नकोस, कधीच. सरांना फोन लावता आला असता. ते नाही म्हणाले असते. मग मी त्यांचं नाही पुढे केलं असतं, मुखवटा पेटीत घातला असता आणि तो जसाच्या तसा शहरात पोचला असता, एकही तडा न जाता, आणि आक्कांनी ज्यासाठी तो वाचवला त्यातलं काही उरलं नसतं. आणि दुसरीकडे, खुंटी निघाली तर जबड्याचा वरचा भाग बरोबर येणार होता, मिशांच्या त्या रेघांसकट. ज्याने त्या काढल्या तो परत येऊन काढणार नव्हता. मी दोन्हींकडे बघत होते आणि दोन्हींकडे मोडतोडच दिसत होती.

“बसूनच,” मी शेवटी म्हणाले. “उठायचं नाही. बांधायचा नाही. हनुवटी मी धरणार.”

“धर की,” दादा म्हणाले. “म्हातारं हाय, पळतंय कुठं.”

त्यांनी टोपी काढली. तंबाखू थुंकून चूळ भरली. मग तोंडात बोटं घालून वरची कवळी काढली आणि भाच्याच्या हातात दिली.

“ही कशाला काढता?”

“ही ह्याच्या वळखीची नाय,” दादा म्हणाले. कवळीविना त्यांचा आवाज पोकळ झाला होता. “खालचे माझे हायत आजून. तेवढे बास.”

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि मुखवटा त्यांच्या तोंडावर नेला. त्यांनी अंदाजाने मान किंचित डावीकडे कलती केली, मला ते तसं का ते कळलं नाही, आणि खुंटी तोंडात घेतली. माझ्या तळव्यांवरचं वजन थोडं हललं, म्हणजे थोडं त्यांनी घेतलं. मी ते सगळं परत माझ्याकडे घ्यायला बघत होते. आतून श्वास ऐकू येत होता. डोळ्यांच्या भोकांतून ते पिकलेले डोळे दिसत होते, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

आणि संबळ वाजला.

संबळवाल्यांचा दोष नव्हता. ते खांबाजवळ बसले होते, इकडचं बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं. दादांच्या तोंडावर नरसिंह चढलेला त्यांनी बघितला, आणि नरसिंह चढला की वाजवायचं, एवढंच त्यांच्या हातांना ठाऊक होतं. पहिल्याच ठोक्याला माझ्या हातात काहीतरी थरथरलं. मला वाटलं माझेच हात. मग बघितलं तर दादांचे गुडघे हलत होते. मग खांदे. कोणी न सांगता दोन माणसं पुढे आली आणि त्यांनी दादांच्या कमरेचं धोतर मागून गच्च धरलं, तेही सवयीनेच. ओट्यावरच्या बायकांनी हात जोडले. दादा उठायला लागले. मुखवटा त्यांच्याबरोबर वर निघाला आणि माझे तळवे त्याच्याखाली, मीही अर्धी उठलेली, आणि आत खुंटीपाशी बारीकसा कट्ट असा आवाज झालेला मी ऐकला. संबळात तो कोणाला ऐकू येणं शक्य नव्हतं. मला आला.

“स्टॉप!” मी ओरडले.

शाळेत पीटीच्या तासाला बाई ओरडायच्या तसं, तेवढ्याच जोरात, तेही इंग्रजीतून. माझ्या तोंडून असा आवाज निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. संबळ थांबला. धोतर धरणाऱ्यांनी दादांना अलगद खाली बसवलं. बराच वेळ त्यांचे खांदे उडत राहिले, मग हळूहळू थांबले. त्यांनी जबडा सैल केला आणि सगळं वजन माझ्या हातांत आलं.

 दादांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

“आबाचा हाय,” ते म्हणाले. “खुटी डाव्या अंगाला खोल हाय. आबाची उजवी दाढ लवकर गेली व्हती, सगळा जोर डावीकडं द्यायचा. मी त्याच खळग्यात धरत आलो. मान वाकडी व्हायची, म्हून लोक म्हनायचे हेचा नरसिंह तिरका बघतो.” मग ते आवाजाच्या दिशेने मागे वळले. “कोन म्हनला रं गुलमंडीचं? पुढं ये.”

पुढे कोणी आलं नाही. माफीही कोणी मागितली नाही. भाच्याने कवळी रुमालाने पुसून दादांच्या हातात दिली आणि एका पोरीला हाक मारली, “आत्याला च्या दे गं, कवाच्या बसल्यात.” पुरुष दोन पावलं मागे सरकले आणि बायका पाराशी आल्या. एकीने मिशांच्या रेघांकडे बोट नेलं, माझ्याकडे बघून तिथेच थांबवलं.

“ह्ये लाल रंगाखाली व्हतं?” तिने विचारलं.

मी मान हलवली.

“आमीच मारायचो त्यो,” ती हसली. “बैलगाडीला आणलेला उरला की ह्याला. दर साली.”

आक्कांनी चहा बशीत ओतला, पण प्यायला नाही. दादांच्या शेजारी जाऊन बसल्या. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मी मुखवटा उलटा करून खुंटी बघत होते. सांधा एका बाजूने सुटला होता. खुंटी निघाली नव्हती, पण बोटाने हलत होती. जबड्यावर, ओठाच्या कडेला, केसाएवढा नवा तडा होता. सकाळी तो तिथे नव्हता. मी तो कितीदा बघितला, सांगता येणार नाही.

कोणीतरी म्हणालं की मग आता इथंच राहू द्या, आपलाच आहे तर. दादांनी ते उडवून लावलं. “घिऊन जाऊ द्या त्यास्नी. हितं ठिवला तर पुढल्या साली ही पोरं पुन्ना लाल करतील. तिथं काचंत बरा हाय. ज्याला बघायचं त्यानं यष्टीनं जावं. आन् म्याडम,” ते माझ्या दिशेने म्हणाले, “पुढच्या येळंला इचारत जा. हिला नाय,” त्यांनी आक्कांकडे अंगठा केला, “हिनं पैसं दिल्यात. आमाला इचारा.”

“हो,” मी म्हणाले. हे मला त्यांच्या आधी सुचलं होतं, पण सुचून काही उपयोग झाला नव्हता.

सोंग निघायची वेळ झाली तसं मला निघायचं होतं. दिवसाउजेडी घाट चढायचा असं चाचांचं म्हणणं होतं. आक्का पेटीपर्यंत आल्या. “मी ऱ्हाते आज,” त्या म्हणाल्या. “भावजय ऱ्हा म्हनती.” मग खाली वाकून त्यांनी पेटीच्या आत बघितलं. “तडा गेला का?”

मी ओठाची कड दाखवली. खुंटी हलते तेही सांगितलं. त्यांच्याच पैशाने झालेलं काम, त्यांच्यासाठीच मोडलं होतं, आणि मला वाटत होतं की आता त्या काहीतरी बोलतील जे मला पुढे वर्षानुवर्षं ऐकू येत राहील.

“त्या ताईला बोलीव पुन्ना,” त्या म्हणाल्या. “खर्चाचं सरांना सांगू नको, मला सांग. आन् येताना तिला हितं घिऊन ये. दादांनी नीट धरून दाखवलं तर तिला कळंल, कुठं जोर पडतो त्ये.” मग पदर सावरत म्हणाल्या, “तवर पोथ्यांचं काम थांबवू नका. पैशे त्यासाटी बी हायेत.”

गाडी गावाबाहेर पडली तेव्हा मागे संबळ सुरू झाला होता. आता फायबरचा नरसिंह खांब फाडून बाहेर येत असणार. मी वळून बघितलं नाही. पेटीचं झाकण लावताना माझ्या लक्षात आलं होतं की खुंटी ओली आहे. दादांच्या तोंडाची ओल, खोबण्यांमध्ये चकाकणारी, थोडी खाली लगद्यात उतरलेली. बंद पेटीत, या उकाड्यात, ती तशीच राहिली तर शहरात पोचेपर्यंत बुरशीला तेवढं पुरलं असतं. बोळा लावून पुसायची तर सुटलेला सांधा आणखी हलला असता. झाकण उघडं ठेवायचं तर पुढे तो उकरलेला रस्ता होता.

“चाचा, काचा लावता येतील का? सगळ्या?”

“मॅडम, एसी बंद है. उबल जाएंगे.”

“धूळ येईल.”

त्यांनी आरशातून पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एक एक करून सगळ्या काचा वर केल्या. जीपमध्ये भट्टी पेटल्यासारखं झालं. मी झाकण बोटभर वर उचलून धरलं आणि फटीतून आत फुंकत राहिले, अगदी हळू, खुंटीच्या डाव्या अंगाला. घामाचा एखादा थेंब माझ्या हनुवटीवरून आत पडेल म्हणून तोंड सारखं पुसत होते. पुढे कुठेतरी खडीचा ढीग आला आणि चाचांनी गाडी इतकी हळू केली की मागचे हॉर्न वाजवायला लागले.

“वाजवू देत,” मी म्हणाले.

“बजने दो,” चाचाही म्हणाले, आणि पहिल्या गियरमध्ये गाडी घाटाकडे निघाली.